मोसमाआधीचा मोसम

कोलकात्यात बंगाली वर्षाचा पहिला दिवस, पोइला बैशाख, एप्रिलच्या मध्यावर येतो. त्या दिवशी दुकानदार नव्या चोपड्यांची पूजा करतात आणि शहराच्या मधोमध पसरलेल्या मैदानावर फुटबॉल क्लब गोलच्या दांडीची पूजा करतात. तिला बारपूजा म्हणतात. दांडीला झेंडूचे हार चढतात, पुरोहित मंत्र म्हणतात, खेळाडू आणि पदाधिकारी अनवाणी उभे राहतात, आणि कुंपणापलीकडे समर्थकांची दाटी होते. बऱ्याच वर्षी नव्या मोसमाच्या कर्णधाराचं नावही याच दिवशी जाहीर होत आलं. जुन्या काळी पूजेचं आणखी एक महत्त्व होतं. त्या सुमारास खेळाडूंची पळवापळवी संपलेली असायची आणि यंदा आपल्या अंगणात नेमकं कोण उभं आहे, हे समर्थकांना पहिल्यांदा डोळ्यांनी दिसायचं.

तिथून पुढे पहिल्या सामन्यापर्यंत शहरात एकाच विषयाचं राज्य. यंदा आपला संघ कसा? बचाव टिकेल का? आघाडीचा तो नवा खेळाडू पावसात चालेल का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, त्यांच्याशी गाठ पडेल तेव्हा काय होईल?

‘ते’ म्हणजे कोण, हे कोलकात्यात सांगावं लागत नाही. मोहन बागानच्या माणसासाठी ‘ते’ म्हणजे ईस्ट बंगाल आणि ईस्ट बंगालच्या माणसासाठी मोहन बागान. हिरवा-मरून एका बाजूला, लाल-सोनेरी दुसऱ्या बाजूला. तिसरा मोठा क्लब मोहम्मडन स्पोर्टिंग, काळा-पांढरा. येत्या मोसमाबद्दल वाद घालणं ही या शहराची जुनी रीत आहे आणि तिला फुटबॉलच्या इतिहासात जागा मिळायला हवी. खेळाडू आले-गेले, पदाधिकारी बदलले, मालक कंपन्याही बदलल्या. क्लब आपला आहे हा हक्क मात्र समर्थकांनी याच वादातून पिढ्यान् पिढ्या बजावला.

सुरुवातीच्या काळात प्रश्न वेगळा होता. मोहन बागानची स्थापना 1889 ची. कलकत्ता फुटबॉल लीग 1898 मध्ये सुरू झाली, पण ती गोऱ्यांची. भारतीय क्लबांना तिचं दार 1914 मध्ये उघडलं, तेही दुसऱ्या विभागाचं; मोहन बागान पहिल्या विभागात पोहोचला 1915 मध्ये. त्याआधीच 29 जुलै 1911 रोजी त्याने आयएफए शिल्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवलं होतं. शिवदास भादुरी आणि अभिलाष घोष यांचे ते दोन गोल. अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले. सामन्यासाठी जादा गाड्या आणि आगबोटी सोडाव्या लागल्या, आणि ज्यांना मैदान दिसत नव्हतं त्यांना गोलांची खबर मिळावी म्हणून पतंग उडवले गेले. त्या दिवसापासून मोहन बागानच्या प्रत्येक मोसमावर एका शिल्डपेक्षा मोठं ओझं येऊन बसलं. यंदा गोऱ्या पलटणीला पुन्हा हरवता येईल का, हीच तेव्हाची चर्चा.

आणि त्या चर्चेत पाऊस हा एक पक्षच होता. कोलकात्याचा फुटबॉल मोसम मे महिन्यात सुरू व्हायचा आणि भर पावसाळ्यातून जायचा. कोरड्या जमिनीवर अनवाणी खेळाडू चपळ, चेंडूवर हुकमत ठेवणारा. चिखल झाला की बूटवाल्या सोल्जरांचं पारडं जड. त्यामुळे जूनमध्ये आभाळाकडे बघणाऱ्यांत शेतकऱ्यांइतकेच फुटबॉलवालेही असत.

या हिशेबाचं उत्तर मोहम्मडन स्पोर्टिंगने शोधलं. त्यांनी ओल्या मैदानासाठी बूट घातले आणि बंगालबाहेरून, बंगळूर, हैदराबाद, थेट वायव्येकडून खेळाडू आणले. 1934 मध्ये ते पहिल्या विभागात आले आणि आल्या वर्षीच लीग जिंकले. मग 1938 पर्यंत सलग पाच वर्षं विजेतेपद त्यांच्याकडेच राहिलं. मैदानावरच्या गप्पांना इथे नवं वळण लागलं. पोरं कशी खेळतात या प्रश्नाच्या आधी आता आणखी एक प्रश्न आला: यंदा कोण येणार?

ईस्ट बंगालचा तर जन्मच संघनिवडीच्या भांडणातला. जुलै 1920 मध्ये जोडाबागान क्लबने मोहन बागानविरुद्धच्या सामन्यातून शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. ते पूर्व बंगालचे. क्लबचे पदाधिकारी सुरेशचंद्र चौधरी यांना हे सहन झालं नाही. ते बाहेर पडले आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी नवा क्लब उभा राहिला. 1925 मध्ये तो पहिल्या विभागात आला आणि त्याच वर्षी 28 मे रोजी नेपाल चक्रवर्तींच्या गोलवर त्याने लीगमध्ये मोहन बागानला 1-0 असं नमवलं.

फाळणीनंतर या चुरशीत वेगळीच वेदना मिसळली. पूर्व बंगालमधून घरदार सोडून आलेली लाखो माणसं कोलकात्याच्या कडेकडेने वसाहती बांधून राहिली. जुने कोलकातेकर ते घोटी, आलेले ते बांगाल. जमीन गेली, गाव गेलं, नदी गेली. नावात ‘पूर्व बंगाल’ जपणारा क्लब तेवढा उरला. त्याच वेळी हा क्लब ऐन भरात आला होता. वेंकटेश, अप्पाराव, धनराज, अहमद खान आणि सालेह या आघाडीच्या पाच खेळाडूंना लोक पंचपांडव म्हणत. पाचही जण दक्षिणेकडचे, एकही बंगाली नाही. तरी निर्वासितांच्या वसाहतींनी त्यांना पोटच्या पोरांसारखं मानलं. 1949 मध्ये ईस्ट बंगालने लीग, शिल्ड आणि रोव्हर्स चषक असे तिन्ही मान एकाच वर्षी मिळवले.

रोव्हर्स चषक म्हणजे मुंबई, कूपरेजचं मैदान. 1891 पासूनची ही स्पर्धा कोलकात्याच्या मोसमाचं शेवटचं प्रकरण ठरायची. 1923 मध्ये मोहन बागान तिथे अंतिम फेरीपर्यंत गेला आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून हरला. पुढे त्याने हा चषक एकूण 14 वेळा जिंकला. लीगमध्ये नाक कापलं गेलं तरी रोव्हर्स बाकी आहे, असं समर्थक एकमेकांना समजावत. 2000-01 मध्ये ही स्पर्धा अखेरची झाली, तेव्हाही विजेता मोहन बागानच होता. दादर-माटुंग्याच्या जुन्या फुटबॉलवेड्यांना हे संघ या स्पर्धेमुळेच घरचे वाटत. आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींच्या समर्थकांचे आवाज ऐकत वाढलेल्या कोल्हापूरकराला तर यातलं काहीच परकं वाटणार नाही.

1952 च्या हेल्सिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला 10-1 असं हरवलं, आणि त्यानंतर अनवाणी खेळणं मागे पडून बूट सक्तीचे झाले. पावसाचा मुद्दा चर्चेतून बराचसा गेला. उरला तो दलबदल.

दलबदल म्हणजे मोसमाआधीचे ते दिवस, जेव्हा खेळाडू सुटरकिन स्ट्रीटवरच्या आयएफए या बंगालच्या फुटबॉल संघटनेच्या कचेरीत जाऊन नव्या क्लबसाठी सही करत. करार बहुधा एका मोसमाचे. त्यामुळे दरवर्षी संघ जणू नव्याने मांडला जायचा आणि दरवर्षी घरभेदाची भीती. मोठ्या खेळाडूला सहीच्या आधी प्रतिस्पर्ध्याने गाठू नये म्हणून पदाधिकारी त्याला कुणाच्या तरी घरी, बागेतल्या बंगल्यात, नाहीतर शहराबाहेर नेऊन ठेवत. ईस्ट बंगालचे जीवन चक्रवर्ती आणि पल्टू दास ही जोडी या कामात इतकी तरबेज की ‘जीबन-पल्टू’ हे एकच नाव असल्यासारखं घेतलं जाई. सहीच्या दिवशी सुटरकिन स्ट्रीटच्या चिंचोळ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंचे समर्थक सकाळपासून उभे. मोटार थांबली की आतून कोण उतरतं आणि त्याच्यासोबत कुठल्या क्लबचा माणूस आहे, एवढ्यावर एका गटात जल्लोष आणि दुसऱ्यात सुतक.

त्या सह्यांची बातमी संध्याकाळपर्यंत पाड्यापाड्यांत पोहोचलेली असे. उत्तर कोलकात्यात घरांना रस्त्यालगत ओटे असतात. तिथे त्यांना रोक म्हणतात. गप्पांचा आड्डा जमायचा तो या ओट्यांवर, चहाच्या ठेल्यावर, सियालदाला येणाऱ्या लोकलच्या ठरलेल्या डब्यात आणि क्लबच्या तंबूसमोरच्या हिरवळीवर. क्लबांचं घर म्हणजे तंबूच, कारण मैदानाची जमीन लष्कराची आणि तिथे पक्कं बांधकाम सहजी होत नाही. सकाळच्या सरावाला शंभर-दोनशे माणसं कुंपणाला चिकटून उभी राहत; कामावर जाण्याआधी नव्या खेळाडूचा डावा पाय कसा आहे ते पाहून घेत आणि दुपारच्या डब्याबरोबर कचेरीत तो अहवाल उघडत. सामन्याचं तिकीट न मिळालेल्यांसाठी फोर्ट विल्यमच्या बाजूचे उंचवटे होतेच. तिथे पुठ्ठ्याच्या नळीत आरसे बसवलेले पेरिस्कोप मिळत. ते उंच धरून पुढच्यांच्या डोक्यांवरून खेळ पाहायचा. अशा माणसाचं मतही वादात तितक्याच वजनाचं धरलं जाई.

या वादांना पुरावा लागायचा, आणि पुरावा म्हणजे स्मरणशक्ती. कोणत्या वर्षी कुणी कुणाला किती मिनिटांत गोल मारला, हे तोंडपाठ नसेल त्याने बोलूच नये. म्हणूनच सत्तरच्या दशकातली काही वर्षं आजही पुनःपुन्हा उगाळली जातात.

1970 ते 1975 सलग सहा वर्षं ईस्ट बंगालने लीग जिंकली. 1972 पासून प्रशिक्षक प्रदीपकुमार बॅनर्जी, मैदानाचे पीके. 30 सप्टेंबर 1975 रोजी शिल्डच्या अंतिम सामन्यात त्यांच्या संघाने मोहन बागानला 5-0 असं चिरडलं. सुरजित सेनगुप्ता, रंजित मुखर्जी, शुभंकर सान्याल यांचा एकेक गोल आणि मुंबईच्या मफतलाल संघातून आलेल्या श्याम थापाचे दोन. त्या रात्री मोहन बागानचे काही खेळाडू समर्थकांच्या संतापाच्या भीतीने गंगेत नावेवर राहिले. एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली. पुढच्या जन्मी मोहन बागानचा खेळाडू होऊन या पराभवाचा बदला घेईन, असं तो लिहून गेला. खेळावरच्या प्रेमाची ही बाजू काळीकुट्ट आहे आणि कोलकात्याच्या फुटबॉलचा इतिहास सांगताना ती वगळता येत नाही.

पुढच्या मोसमाआधी मोहन बागानने पीकेंनाच आपल्याकडे आणलं. ज्यांनी पाच गोल खायला लावले त्यांच्याच हाती संघ? मोहन बागानच्या घराघरांत यावरून दोन तट पडले. उत्तर 24 जुलै 1976 रोजी मिळालं. लीगच्या सामन्यात शिटी वाजल्यापासून 17 सेकंदांत महंमद अकबरने ईस्ट बंगालवर गोल केला. तोच एकमेव गोल ठरला आणि मोहन बागानने लीगही जिंकली. 1977 मध्ये श्याम थापाही मोहन बागानकडे आला. आता असा तगडा संघ कुणाकडे नाही, ईस्ट बंगालचं यंदा काही खरं नाही, असं भाकीत सर्वत्र झालं. आणि ईस्ट बंगालने लीगमध्ये त्याच संघाला 2-0 असं हरवून विजेतेपद मिळवलं. पुढे त्याच वर्षी मोहन बागानने 24 सप्टेंबरला ईडन गार्डन्सवर पेलेच्या कॉसमॉस संघाशी 2-2 अशी बरोबरी साधली आणि शिल्ड, ड्युरँड, रोव्हर्स हे तिन्ही चषक नेले. यंदा चांगला संघ कुणाचा होता, हा 1977 चा वाद दोन्ही बाजूंना जिंकता येतो. म्हणून तो संपत नाही.

1980 साली ईस्ट बंगालचं घर जवळजवळ रिकामं झालं. बरेच नावाजलेले खेळाडू मोहम्मडन स्पोर्टिंगला गेले. उरलेल्यांत भर पडली ती अलिगढ विद्यापीठात शिकणाऱ्या दोन इराणी तरुणांची, मजीद बिसकर आणि जमशीद नासिरी यांची. काही आठवड्यांतच मजीदच्या पायातली जादू शहराला कळली आणि बांगाल वस्त्यांतला सूर पालटला. पण ते वर्ष लक्षात राहिलं वेगळ्याच कारणाने. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर दोन क्लबांच्या लीग सामन्यात मैदानावरची धुसफूस गॅलरीत पसरली, चेंगराचेंगरी झाली आणि 16 जण मेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी या दिवशी फुटबॉलप्रेमी दिन पाळला जातो आणि दोन्ही रंगांचे समर्थक रक्तदान करतात.

1985 मध्ये कृशानू डे आणि विकाश पांजी ही अतूट जोडी मोहन बागान सोडून ईस्ट बंगालला गेली. 1991 मध्ये मोहन बागानने परदेशी खेळाडू न घेण्याचा आपला जुना दंडक मोडून नायजेरियाचा चिमा ओकोरी आणला. चिमा आधी मोहम्मडनकडून आणि मग ईस्ट बंगालकडून खेळला होता. क्लबचं तत्त्व मोठं की गोल मोठे, हा वाद त्या उन्हाळ्यात बाप-लेकांत झाला, आणि दोघांचंही म्हणणं खरं होतं.

या सगळ्या परंपरेचा कळस म्हणजे 1997 चा उन्हाळा. मोहन बागानचे प्रशिक्षक अमल दत्त. इंग्लंडला जाऊन प्रशिक्षण शिकून आलेला, नवं करून पाहायची खुमखुमी असलेला माणूस. त्यांनी ‘डायमंड’ नावाची आक्रमक रचना आणली आणि फेडरेशन चषकात त्यांचा संघ गोलांवर गोल करत सुटला. उपांत्य फेरीत समोर ईस्ट बंगाल, आणि त्यांच्याकडे पीके. मग आठवडाभर शहरात दुसरा विषय नव्हता. डायमंडमध्ये मागे पडणारी मोकळी जागा कोण भरणार, यावर भाजीबाजारात खल झाला. ज्यांनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता ते कागदावर टिंबं काढून रचना समजावत होते. दत्तांनी प्रतिस्पर्धी खेळाडूंच्या नावांची जाहीर टिंगल केली, पीकेंनी तीच कात्रणं आपल्या पोरांसमोर धरली. 13 जुलैला सॉल्ट लेक स्टेडियमवर 1,31,781 प्रेक्षक होते; भारतात एका फुटबॉल सामन्याला नोंदली गेलेली ही सर्वांत मोठी गर्दी. ईस्ट बंगाल 4-1 ने जिंकला आणि तीन गोल होते ज्याच्या नावाची टिंगल झाली होती त्या बायचुंग भुतियाचे. अंतिम सामन्यात मात्र गोव्याच्या साळगावकर क्लबने ईस्ट बंगालला हरवून चषक नेला. कोलकात्यात आजही उपांत्य फेरीच आठवतात.

त्याच सुमारास जमीन सरकू लागली होती. राष्ट्रीय लीग 1996 मध्ये सुरू झाली आणि मोसम पावसाळ्यातून हिवाळ्याकडे गेला. 1998 मध्ये यूबी उद्योगसमूहाने दोन्ही क्लबांत पैसे घातले. एकाच्या नावाला मॅकडॉवेल आणि दुसऱ्याच्या नावाला किंगफिशर जोडलं गेलं. सुटरकिन स्ट्रीटवरची गर्दी ओसरली. सह्या आता दूरच्या हॉटेलांत, दलालांमार्फत, कित्येक वर्षांसाठी होऊ लागल्या. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली आणि पहिली सहा वर्षं हे दोन्ही क्लब तिच्याबाहेर राहिले.

2020 मध्ये दोघेही आत गेले, पण किंमत मोजून. मोहन बागानचा फुटबॉल विभाग एटीके या क्लबच्या मालकांशी जोडला गेला, त्यात या मालकांच्या उद्योगसमूहाचा वाटा 80 टक्के, आणि संघाचं नाव झालं एटीके मोहन बागान. ईस्ट बंगालला शताब्दीच्याच वर्षी सिमेंट कंपनीचा आधार घ्यावा लागला. सुपर लीगमधली या दोघांची पहिली लढत 27 नोव्हेंबर 2020 रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर झाली. महामारीमुळे गॅलरी रिकामी. मोहन बागान 2-0 ने जिंकला आणि शंभर वर्षांत पहिल्यांदाच या सामन्याचा आवाज फक्त खेळाडूंचा होता.

आता समर्थकांचा प्रश्नच बदलला. यंदा बचावात कोण, याआधी विचारलं जाऊ लागलं की यंदा क्लब कुणाचा. एटीके ही अक्षरं नावातून काढा, अशी मोहीम मोहन बागानच्या समर्थकांनी सुरू केली; फलक धरले, मोर्चे काढले, आपलाच संघ जिंकत असतानाही ती थांबवली नाही. 21 जुलै 2021 रोजी ईस्ट बंगालच्या तंबूबाहेर गुंतवणूकदाराशी करार करावा की नाही यावरून समर्थकांचे दोन गट भिडले आणि पोलिसांनी लाठीमार केला. क्लब जगला पाहिजे म्हणणारा आणि क्लब विकता कामा नये म्हणणारा, दोघेही त्या दिवशी लाल-सोनेरी जर्सीतच होते.

18 मार्च 2023 रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर मोहन बागानने बेंगळुरू एफसीला पेनल्टीवर हरवून सुपर लीग जिंकली. करंडक हाती असतानाच संघाचे मालक संजीव गोएंका यांनी जाहीर केलं की पुढच्या मोसमापासून एटीके हे नाव जाईल आणि संघ मोहन बागान सुपर जायंट म्हणून खेळेल. तीन वर्षं रेटलेली मागणी मान्य झाली होती. त्या रात्री फातोर्ड्याच्या गॅलरीत आणि कोलकात्याच्या रस्त्यांवर विजयाइतकाच आनंद या घोषणेचा होता.

ऑगस्ट 2024 मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरवरच्या बलात्कार आणि खुनाने शहर पेटलं होतं. 18 तारखेचा ड्युरँड चषकातला मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना सुरक्षेचं कारण देऊन रद्द झाला. तरीही समर्थक सॉल्ट लेक स्टेडियमबाहेर जमले, न्याय मागण्यासाठी, आणि यावेळी तिन्ही क्लबांचे रंग एका बाजूला होते. हिरव्या-मरून जर्सीतल्या माणसाने लाल-सोनेरी जर्सीतल्याला खांद्यावर घेतलं. पोलिसांच्या लाठ्या दोघांवरही पडल्या.

2024-25 चा मोसम मोहन बागानचा ठरला. लीगचं अव्वल स्थान आणि चषक, दोन्ही त्यांनाच. पण जुलै 2025 मध्ये सुपर लीगच्या आयोजकांनी भारतीय फुटबॉल महासंघाशी असलेल्या हक्क कराराच्या पेचामुळे पुढचा मोसम स्थगित ठेवला. येत्या वर्षी संघ कसा, याऐवजी येतं वर्ष आहे का, असं विचारायची पाळी विजेत्यांच्या समर्थकांवर आली. पुढच्याच महिन्यात, 17 ऑगस्टला, ड्युरँड चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत दोन्ही संघ सॉल्ट लेकवर समोरासमोर आले. ग्रीसच्या दिमित्रिओस दियामांताकोसने दोन गोल केले आणि ईस्ट बंगाल 2-1 ने जिंकला. पुढची लीग कधी, कुठे, कुणाच्या पैशाने होणार, हे त्या संध्याकाळी स्टेडियममधल्या कुणालाच माहीत नव्हतं. तरी बाहेर पडताना ईस्ट बंगालचे लोक यंदा बचावात आणखी एक माणूस हवा म्हणून हुज्जत घालत होते, आणि मोहन बागानचे लोक प्रशिक्षक ठेवावा की बदलावा यावर.